८७ नगांचा स्लिप गेज संच (स्टील, ग्रेड १): रिंगिंग कसं होतं?

भोसरीतल्या आमच्या टूलरूमसाठी हा संच घेतला. स्लिप गेज म्हणजे अचूक जाडीचे ठोकळे, एकमेकांना जोडून हवं ते माप करायचे. घेणारे बहुधा किंमत आणि सर्टिफिकेट बघतात. मी आधी रिंगिंग (wringing), म्हणजे गेज एकमेकांना कसे चिकटतात, ते बघतो. दोन गेज पुसून एकमेकांवर आडवे टेकवायचे, हलक्या दाबानं सरकवत फिरवायचे. वरचा उचलला की खालचा लटकलाच पाहिजे. मधे डिंक नाही, चुंबक नाही. हवेचा दाब म्हणाल, तर निर्वातातही ते सुटत नाहीत.

थोडं काम तेला-पाण्याच्या अतिपातळ थराचं असतं. पण खरी नवलाई पुढे आहे. धातूतले विद्युतभार कधीच स्वस्थ नसतात. एका पृष्ठावर ते क्षणभर इकडेतिकडे झाले की समोरच्या पृष्ठावर त्याला जुळती हालचाल होते आणि दोघं ओढले जातात. मधे निव्वळ पोकळी असली तरी धातूच्या दोन पाट्यांत ओढ असते, हे भौतिकशास्त्रज्ञ कासिमिर यांनी १९४८ साली गणितानं दाखवलं. लिफ्शिट्झ यांनी पुढे खऱ्या पदार्थांचा, तापमानासकट, हिशेब मांडला. कासिमिरच्या सूत्रानुसार आदर्श पाट्यांत १० नॅनोमीटर अंतर असेल तर दाब सुमारे एक वातावरण. १०० नॅनोमीटरला त्याचा दहा हजारावा हिस्सा! म्हणून सपाटपणा हाच या मालाचा जीव. धुळीचा एक कण पुरतो सगळं बिघडवायला.

या कसोटीला संच उतरला. १.००७, १.२२, ६.५ आणि ३० लावून ३८.७२७ मिमी केलं, चारही घट्ट बसले. २.५ चा मात्र एका कोपऱ्यात धरेना. ऑप्टिकल फ्लॅटखाली (अगदी सपाट काचेखाली) तिथले प्रकाशाचे पट्टे वाकडे दिसले, कडेला बर (धातूचा बारीक उंचवटा) होता. विक्रेत्यानं तो बदलून दिला, पण ग्रेड १ च्या मालात हे तपासणीतच सापडायला हवं होतं.

गंजरोधक तेल जाड लावलेलं येतं, ते पूर्ण काढल्याशिवाय रिंगिंगचा निकाल लावू नका. गेज हातात फार वेळ धरू नका. १०० मिमीचा स्टीलचा गेज एका अंशानं तापला तर १.१५ मायक्रॉन वाढतो. काम झालं की लगेच सरकवून सुटे करा, रात्रभर जोडलेले ठेवू नका. पावसाळ्यात गंजाची धास्ती असेल तर सिरॅमिकचा संच बघा, महाग पडेल. साइन बार (कोन मोजायचं साधन) आणि मायक्रोमीटर तपासायला मात्र हा बिनधास्त घ्या, सोबत जोडणीच्या टोकांना लावायचे दोन कार्बाइडचे गेजही मागवा.