माझा फोटो दाखवून कोणी ‘शेवाळ सांगणारं यंत्र’ विकत असेल तर

एका माहितीपत्रकात मी हातात नारळ धरून तळ्याच्या बांधावर उभा आहे. शेजारी पांढरी पेटी, तिच्यावर छोटं सोलर पॅनल, पेटीला झेंडूचा हार. हार मीच घातला होता. खाली छापलंय, ‘समाधानी मत्स्यशेतकरी, इंदापूर तालुका’. हा फोटो तुमच्यापर्यंत आला असेल तर पैसे द्यायच्या आधी एवढं वाचा.

भिगवणपासून खाली उजनीच्या फुगवट्याला हिरव्या पाण्याचं कोणाला नवल नाही. पुण्या-पिंपरीचं सांडपाणी भीमेतून इथं येतं आणि उन्हात पाण्यावर हिरवी साय धरते. माझं २० गुंठ्यांचं तळं याच पाण्यावर भरतं. त्यात चिलापी आणि पंगस हे मासे. पाणी थोडं हिरवं असलेलं बरंच, पण शेवाळ माजलं की घात. दिवसा ते पाण्यात ऑक्सिजन सोडतं, रात्री तेच ओढून घेतं, आणि पहाटे माशाला काही उरत नाही. म्हणून सहा वर्षं मी पहाटे चारला बॅटरी घेऊन तळ्यावर जायचो. मासे तोंड वर काढून हवा गिळताना दिसले की एरेटर, म्हणजे पाण्यात हवा मिसळणारं यंत्र, चालू.

शेवाळाचा धोका आधीच सांगणारी ही पेटी विकायला आलेला माणूस नेमका त्या झोपमोडीवर बोलला. “दादा, नॉर्वेत २०१९ला शेवाळानं जवळपास ८० लाख सालमन मेले. आता तिकडं उपग्रह आधीच सांगतो.” नॉर्वेत तेवढे मासे मेले हे खरं आहे, मी नंतर तपासलं. समुद्रावर उपग्रहानं शेवाळ टिपतात हेही खरं. हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी संस्था आपल्या समुद्रासाठी तशी माहिती देते. त्यानं खोटं फार कमी सांगितलं, म्हणून तर मी फसलो.

पेटीचे ४८,००० आणि वर्षाची वर्गणी १२,०००. सरकारच्या मत्स्य संपदा योजनेतून ४० टक्के परत, ‘वहिनींच्या’ नावावर घेतलं तर ६०, असं तो म्हणाला. योजनेतले टक्के बरोबर आहेत. पण तिथं प्रस्ताव आधी मंजूर व्हावा लागतो. एजंटाला रोख देऊन मागून अनुदान येत नसतं. हे मला माहीत असायला हवं होतं.

दोन महिने छान गेले. रोज सहाला मोबाईलवर तळ्याचं चित्र आणि हिरवा टिळा, ‘७२ तास धोका नाही’. मी पहाटे उठणं सोडलं. हे लिहिताना पैशांपेक्षा याचीच जास्त लाज वाटते.

श्रावणात तीन दिवस सूर्य दिसला नाही. ऊन नाही म्हणजे शेवाळ दिवसाही ऑक्सिजन देत नाही. वर ते मरून कुजायला लागतं आणि उरलासुरला ऑक्सिजनही खातं. चौथ्या दिवशी साडेसहाला गेलो तर सगळा काठ पांढरा. माशांची पोटं. साधारण ९०० किलो माल गेला. मोबाईलवर ऑक्सिजन ५.६, टिळा हिरवा.

पेटीचा पाण्यात सोडलेला, ऑक्सिजन मोजायचा प्रोब बाहेर ओढून बांधावर टाकला. तासाभरानं पाहिलं, कोरड्या मातीत पडलेल्या प्रोबचा आकडा ५.६च.

पुतण्या इंजिनिअरिंगला आहे, त्यानं पेटी खोलली. आत सिमकार्डाचा एक बोर्ड आणि तापमानाची एक वायर. ‘ऑक्सिजन प्रोब’ म्हणजे स्टीलची टोपी, आत एमसील भरलेलं. मग त्यानं ‘आजचं उपग्रह चित्र’ मोठं करून दाखवलं. त्यात माझं दुसरं तळंच नव्हतं. ते मी होळीच्या सुमाराला खणलं. दोन महिने रोज ते चित्र बघत होतो आणि स्वतःचं तळं गायब आहे हे दिसलं नाही! कुठल्यातरी जुन्या नकाशावर रंग फासला होता.

पुतण्या म्हणाला, समुद्रातलं शेवाळ बघणाऱ्या सेंटिनेल-३ उपग्रहाचा एक ठिपका ३०० मीटरचा, म्हणजे जवळपास २२ एकरांचा. माझ्या तळ्यासारखी चाळीसेक तळी त्यात मावतील. सेंटिनेल-२चा ठिपका १० मीटरचा, त्यात तळं दिसतं, पण ढगांतून नाही. आणि धोका नेमका ढगाळ दिवसांत. या दोन्हींची चित्रं फुकट मिळतात, ते वेगळंच.

यंत्र घ्यायचंच असेल तर विकणाऱ्यासमोर पाणी खळखळ उकळा, झाकून गार करा आणि प्रोब त्यात बुडवा. आकडा धाडकन पडला पाहिजे. प्रोब पुसायला कोण येणार हेही विचारा. हिरव्या पाण्यात खऱ्या प्रोबवर आठवड्या-दोन आठवड्यांत बुळबुळीत थर बसतो. माझ्या पेटीला कधीच कोणी हात लावला नाही आणि मला ती सोय वाटली.

बिलावर यंत्राचा उल्लेख नाही, ‘सल्ला सेवा’ एवढंच. त्यामुळे ग्राहक आयोगातले वकील आधी तिथंच अडले. तक्रार दिली आहे, तारीख पडेल तेव्हा पडेल. विकणाऱ्याचा नंबर बंद आहे.

गेल्या आठवड्यात दौंडकडून एकाचा फोन आला. फोटोवरून माझी चौकशी करत करत नंबर मिळवला होता. “दादा, यंत्र कसं आहे?” मी सगळं सांगितलं. पलीकडून बराच वेळ आवाज नाही. मग म्हणाला, “काल पाच हजार टोकन दिलंय हो.”