नव्या झाडांसाठी ५ लिटरची झारी: पाचातले चार स्टार

मार्चमध्ये जांभळी नाक्याच्या बाजारातून ही हिरवी प्लॅस्टिकची झारी घेतली, ३२० रुपये. आम्ही कासारवडवलीला तळमजल्यावर राहतो, खिडकीखाली मातीचा पट्टा आहे, तिथे मोगरा, अनंत आणि दोन जास्वंदी लावल्या होत्या आणि रोज संध्याकाळी मी पाईपने भरपूर पाणी मारायचे. तरी पंधरा दिवसांत मोगरा वाळला. उपटून बघितला तर बाजूला चिखल आणि मुळांभोवतीचा लाल मातीचा गोळा खुरप्याने फोडला तर आत ठणठणीत कोरडा, नुसती धूळ. फार वाईट वाटलं, कळ्या धरल्या होत्या हो त्याने.

नर्सरीच्या काळ्या पिशवीतली ती चिकट लाल माती एकदा सुकली की दगड होते, पाईपचं पाणी तिच्यावरून घसरून बाजूला जातं, आणि नव्या झाडाची मुळं तर सगळी त्या गोळ्यातच असतात, मग बाहेरची माती कितीही ओली असली तरी त्याला काय मिळणार!

झारीने तिथेच फरक पडला. जाळीची भोकं एकदम बारीक, तोंड वरच्या बाजूला करून धरलं की पाणी सरीसारखं पडतं, माती उडत नाही. सकाळी सातच्या आत अर्धी झारी बुंध्याजवळ गोळ्यावर, ती जिरली की दहा मिनिटांनी उरलेली अर्धी. भोवती आळं करून वाळकी पानं पसरलीत, फक्त खोडाला चिकटू देत नाही. आणि पाणी द्यायच्या आधी बोट दोन पेरं खुपसून बघते, ओलं लागलं तर त्या दिवशी सुट्टी. एप्रिलच्या दुपारी जास्वंदी मान टाकायच्या पण संध्याकाळी आपोआप उभ्या राहायच्या, तेव्हा दुपारी घाबरून पाणी ओतू नका, सकाळीही मान खाली दिसली तर मात्र आधी बोट घालून बघा.

एक स्टार कापला तो जाळीसाठी. आटे नीट बसत नाहीत, कडेने धार गळते, मी नळाची पांढरी टेप गुंडाळली तेव्हा थांबलं. टँकरच्या पाण्याचे क्षार भोकांत बसतात, महिन्यातून एकदा जाळी रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवावी लागते. भरल्यावर जड होते, सासूबाई अर्धीच भरतात, मनगट दुखत असेल तर ३ लिटरची बघा.

अनंताला आता नवी पालवी फुटलीय. पाऊस लागला म्हणून झारी लगेच माळ्यावर टाकू नका, जूनच्या पहिल्या एकदोन सरींनी वरचीच माती भिजते, गोळा आत कोरडाच असतो.