जुनी गाडी तापते तेव्हा: रेडिएटर की हेड गॅस्केट?

जुन्या गाडीचा तापमानाचा काटा वर चढू लागला की गॅरेजमध्ये बहुधा दोनच निदाने कानावर पडतात: रेडिएटर (इंजिनातले गरम पाणी थंड करणारी नळ्यांची जाळी) चोक झाला आहे, किंवा हेड गॅस्केट (इंजिनाचे वरचे झाकण म्हणजे हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधला सांधा बंद ठेवणारा पातळ थर) गेले आहे. पहिल्या कामात गाडी त्याच दिवशी परत मिळू शकते. दुसऱ्यात इंजिनाचे हेड उतरवावे लागते आणि मारुती 800 किंवा जुन्या झेनसारख्या गाडीच्या आजच्या किमतीपुढे तो खर्च मालकाला विचारात पाडतो. मात्र या दोहोंपैकी एक निवडण्याआधी गाडी नेमकी केव्हा तापते याची नोंद ठेवणे आवश्यक आहे, कारण बरेचसे निदान त्या नोंदीतच होऊन जाते.

सिग्नलला किंवा टोलनाक्याच्या रांगेत काटा वर जातो आणि गाडी धावू लागताच खाली येतो, असे असेल तर रेडिएटर आणि हेड या दोघांनाही तूर्त बाजूला ठेवावे. वाऱ्याचा झोत मिळताच इंजिन थंड होते, याचा अर्थ पाण्याचे अभिसरण चालू आहे आणि उणीव पंख्याची आहे. अँबॅसेडर आणि प्रीमियर पद्मिनी या गाड्यांत पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरत असल्याने पट्टा सैल पडला आहे का ते पाहावे. मारुती 800 मध्ये पंखा विजेवर चालतो आणि कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे पाणी किंवा द्रव, ठरावीक तापमानाला पोहोचले की थर्मो स्विच तो सुरू करतो. या स्विचचे कनेक्टर काढून त्या कनेक्टरमधली दोन टोके वायरच्या तुकड्याने जोडावीत आणि किल्ली फिरवावी: पंखा फिरला तर दोष स्विचचा, आणि नाही फिरला तर फ्यूज, रिले व मोटर या क्रमाने तपासणी करावी. एवढी साधी तपासणी न करता नवा रेडिएटर बसवण्याची घाई सर्रास केली जाते.

याउलट शहरात व्यवस्थित चालणारी गाडी खंबाटकी किंवा बोरघाटाच्या चढावर, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, तापत असेल तर संशय रेडिएटरवर घेणे रास्त आहे, कारण इंजिनावर भार वाढला की उष्णता वाढते आणि अर्ध्या बुजलेल्या नळ्यांना ती बाहेर टाकता येत नाही. वर्षानुवर्षे बोअरवेलचे क्षारयुक्त पाणी ओतलेल्या गाड्यांत हे हमखास आढळते. इंजिन बंद केल्यावर, पंख्यापासून सावध राहून, जाळीवर हात जवळून फिरवावा. मध्येच गार पट्टा लागला तर तेथील नळ्या बंद आहेत. जाळी बाहेरून धूळ आणि किडे अडकून भरली असेल, तर मागच्या बाजूने कमी दाबाचे पाणी मारूनही बराच फरक पडतो.

रेडिएटरच सदोष ठरला, तर दुरुस्ती की नवा, हा प्रश्न उरतो. जुना तांबे-पितळेचा रेडिएटर असेल तर माझे मत दुरुस्तीच्या बाजूचे आहे: त्याच्या टाक्यांची झाळ काढून नळ्यांत रॉड मारून, म्हणजे सळई घालून, त्या साफ करता येतात, गळती पुन्हा झाळता येते, आणि जाड धातूमुळे हे काम अनेकदा करता येते. अर्थात असे काम मनापासून करणारे रेडिएटरवाले आता कमी होत चालले आहेत. ॲल्युमिनियमची जाळी आणि प्लास्टिकच्या टाक्या असलेल्या रेडिएटरवर मात्र पैसे घालवू नयेत. प्लास्टिक उष्णतेने ठिसूळ झालेले असते आणि लावलेला लेप पहिल्याच मोठ्या चढावर सुटू शकतो. नव्या रेडिएटरबरोबर झाकणही नवे घ्यावे. बहुतेक झाकणांवर 0.9 किंवा 1.1 असा दाबाचा आकडा असतो, 0.9 बार दाबाखाली साधे पाणीसुद्धा सुमारे 118 अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण झाकणाची स्प्रिंग थकली की ते 100 अंशांच्या आसपासच उकळून बाहेर फेकले जाते आणि दोष विनाकारण रेडिएटरच्या माथी मारला जातो.

थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, काढून टाकण्याचा सल्ला स्वीकारू नये. त्याने काटा खाली राहिला तरी इंजिन योग्य तापमानाला पोहोचायला फार वेळ घेते, पेट्रोल जास्त लागते आणि मूळ दोष झाकला जातो. काटा वर असताना वरचा होज पाइप गारच लागत असेल, तर थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलेला असू शकतो. तो काढून गरम पाण्यात सोडावा. त्यावर कोरलेल्या तापमानाला, बहुधा 82 किंवा 88 अंशांना, उघडू लागला नाही तर नवा बसवावा.

हेड गॅस्केटची लक्षणे वेगळी आहेत. बाहेर कोठेही गळती नसताना कूलंट कमी होत राहते, सकाळी थंड इंजिन सुरू केल्यावर एक-दोन मिनिटांतच वरचा पाइप दगडासारखा कडक होतो, किंवा इंजिन तापल्यानंतरही धुराड्यातून गोडसर वासाचा पांढरा धूर येत राहतो. खात्रीसाठी इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटर काठोकाठ भरावा, झाकण उघडे ठेवून इंजिन चालू करावे आणि पाण्याकडे पाहावे: नुकत्याच भरलेल्या पाण्यातील हवेचे बुडबुडे काही वेळाने थांबतात, सिलिंडरमधून येणाऱ्या वायूचे थांबत नाहीत आणि ॲक्सिलरेटर दिला की वाढतात. तेलाच्या झाकणाखालचा पांढरट थर मात्र एकट्याने पुरावा मानू नये. पावसाळ्यात जवळच्याच फेऱ्या मारणाऱ्या गाडीत तो केवळ दमटपणामुळेही जमतो.

बुडबुडे थांबत नसतील तर नव्या रेडिएटरवर केलेला खर्च वाया जातो, आणि हेड उतरवण्याला पर्याय राहत नाही. अशा वेळी केवळ गॅस्केट बदलून हेड परत बसवू देऊ नये. तापलेले ॲल्युमिनियमचे हेड वाकलेले असू शकते. त्यावर सरळ पट्टी ठेवून खालची फट फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांच्या मापाने) मोजून घ्यावी, आणि ती उत्पादकाने दिलेल्या मर्यादेपेक्षा, म्हणजे या छोट्या इंजिनांत सहसा 0.05 मिलिमीटरपेक्षा, जास्त निघाली तर आधी फेसिंग, म्हणजे हेडचा पृष्ठभाग मशीनवर सपाट करणे, करून घ्यावे. हेडला तडा गेलेला आढळला, तर खर्चाचा अंदाज लेखी घेऊन मगच पुढचे काम सुरू करण्यास सांगावे.