बिडाच्या बर्नरचा गंज: घासायचा, भिजवायचा की बर्नरच बदलायचा?

गणपतीला आठवडा उरला की आमच्या परळच्या घरात माळ्यावरची मोठी शेगडी खाली उतरते. मोदकपात्र रोजच्या शेगडीवर नीट बसत नाही, म्हणून ही. प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवली तरी दरवर्षी बिडाचा बर्नर लालभडक गंजलेला निघतो. खरं तर प्लास्टिकमुळेच, कारण पावसाळ्याची ओल आत कोंडून राहते. यंदा डोंबिवलीहून मावसबहिणीचा फोन आला, "दादा, आमचाही तसाच झालाय. घासू की नवा आणू?"

तिला म्हटलं, आधी भोकं बघ. वरच्या लाल रंगाने काही बिघडत नाही, बीड चांगलं जाड असतं. भोकं बुजली किंवा आतल्या नळीत गंजाचा भुगा साठला, तर गॅस आणि हवा नीट मिसळत नाहीत. मग निळी ज्योत पिवळी पडते, भांड्यांची बुडं काळी होतात आणि कोंदट स्वयंपाकघरात कार्बन मोनॉक्साइडची भीती असते. उपाय निवडायचा तो यावरून.

बोटाला नुसती लाल पूड लागत असेल तर तारेचा ब्रश आणि पॉलिश पेपर पुरे. अर्ध्या तासाचं काम. घासताना भोकं खाली करून धरायची, नाहीतर सगळा भुगा आत जातो. ड्रिलला ब्रश लावणार असाल तर डोळ्यांवर चष्मा हवाच, सुटलेली तार कुठे उडेल सांगता येत नाही. ब्रशची एकच अडचण, तो नळीच्या आत पोचत नाही.

तिथे आम्लाचं पाणी कामाला येतं. व्हिनेगर की लिंबूसत्त्व, हा प्रश्न मला बरेच जण विचारतात. काम दोन्ही करतात. पण अख्खा बर्नर बुडेल एवढं व्हिनेगर म्हणजे बाटल्यांवर बाटल्या, आणि वन रूम किचनमध्ये तो वास दोन दिवस हलत नाही. लिंबूसत्त्व, म्हणजेच सायट्रिक ॲसिड, किराणा दुकानात सुटं मिळतं. लिटरभर गरम पाण्याला साधारण 50 ग्रॅम टाकायचं, प्लास्टिकच्या बादलीत. ॲल्युमिनियमचं पातेलं घेऊ नका, आम्ल त्यालाही खातं. दर तासाला बर्नर बाहेर काढून ब्रश फिरवायचा. रात्रभर विसरून झोपलात तर गंज संपल्यावर आम्ल बिडावर चालून जातं. वर काळपट थर दिसला तर घाबरू नका, तो बिडातलाच कार्बन, पुसला की जातो.

खरी फजिती पुढेच होते. धुतलेला बर्नर वाळत ठेवून चहाला गेलात, तर परत येईपर्यंत त्यावर नवा नारिंगी गंज चढलेला असतो. माझा पहिल्या वर्षी असाच चढला होता. म्हणून खायच्या सोड्याच्या पाण्यात बुचकळायचा, स्वच्छ धुवायचा, नळीतलं पाणी झटकायचं आणि लगेच दुसऱ्या शेगडीच्या मंद आचेवर धरून पूर्ण कोरडा करायचा.

संडास साफ करायचं ॲसिड वापरावं का? नको. गंज झटक्यात जातो हे खरं, पण ते हायड्रोक्लोरिक ॲसिड. त्याच्या वाफा छातीत जातात, ब्लीचशी गाठ पडली तर क्लोरीन वायू सुटतो आणि बिडाच्या बारीक छिद्रांत उरलेलं क्लोराइड पुन्हा गंज ओढतं. मुंबईच्या खाऱ्या हवेत ते काम आधीच चालू असतं, त्याला मदत कशाला?

विजेने गंज काढायची पद्धतही आहे. धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बर्नरला बॅटरी चार्जरची ऋण तार आणि लोखंडी सळीला धन तार. बीड अजिबात झिजत नाही, हा मोठा गुण. पण सळीच्या समोर येणारा भागच नीट साफ होतो, नळीचं पोट तसंच राहतं. शिवाय हायड्रोजन सुटतो, म्हणजे उघडी जागा हवी, आणि सळीऐवजी स्टीलचा चमचा लावला तर पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं. तव्यासाठी पद्धत छान, बर्नरसाठी आणि चाळीच्या गॅलरीसाठी नाही.

कुठलाही उपाय करा, आधी सिलिंडर बंद करून बर्नर सोडवा आणि पितळी नोझल, म्हणजे गॅस सोडणारी बारीक तोटी, काढून बाजूला ठेवा. बर्नरची भोकं तारेने हलक्या हाताने मोकळी करा, पण मोठी करू नका. नोझलमध्ये तर सुई खुपसूच नका, भोक रुंद झालं की जास्त गॅस येतो. परत जोडल्यावर सांध्यांना साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा.

गंजाचे पापुद्रे सुटत असतील, दोन भोकांचं एक झालं असेल किंवा कुठे चीर दिसली, तर मात्र घासत बसू नका. जुना बर्नर पिशवीत घालून मुंबईतल्या नागदेवी स्ट्रीट किंवा लोहार चाळीच्या बाजारात जा आणि मापाला माप लावूनच नवा घ्या.

बहिणीने व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. दोन भोकांमधली भिंत गंजाने खाऊन टाकली होती. मी लिहिलं, "नवा घे. आणि ठेवताना प्लास्टिक नको, जुन्या सुती साडीत बांध."