व्याख्या, विरुद्धार्थी की वाक्य: प्रगत इंग्रजी शब्द कोणत्या वाटेने शिकावेत?

रोजच्या व्यवहाराचं इंग्रजी ज्याला येतं, त्याला बोलताना फारसं कुठे अडत नाही. अडतं ते अग्रलेखात, शोधनिबंधात, जरा वजनदार कादंबरीत. तिथे पानापानावर असे चार-पाच शब्द भेटतात, की वाचताना अर्थ साधारण लागतो, पण स्वतः लिहायची वेळ आली की हात मागे येतो. शब्दसंग्रहाचे अभ्यासक पॉल नेशन यांनी 2006 मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार, कादंबरीतले किंवा वर्तमानपत्रातले 98 टक्के शब्द ओळखीचे असायला 8,000 ते 9,000 शब्दकुटुंबं माहीत असावी लागतात. मूळ शब्द आणि त्यापासून झालेली रूपं मिळून एक कुटुंब.

तिथवर जाण्याच्या तीन वाटा सगळ्यांना माहीत आहेत: व्याख्या पाठ करणं, विरुद्धार्थी जोड्या करणं आणि उदाहरणवाक्यांतून शिकणं. आमचं मत आधीच सांगतो. एकच वाट निवडायची असेल तर उदाहरणवाक्य निवडा आणि त्याच्या पाठीला सात-आठ शब्दांची व्याख्या बांधा. विरुद्धार्थी शब्द उपयोगी आहेत, पण त्यांना उशिरा बोलवावं. घाईने आणले तर असलेलंही बिघडवतात.

व्याख्या: लवकर होते, लवकर फसवते

व्याख्येचा मोठा फायदा म्हणजे वेग. पुढे शब्द आणि मागे अर्थ असं एका शब्दाचं कार्ड मिनिटाभरात तयार होतं. वस्तूंची नावं आणि शास्त्रीय संज्ञा यांच्यासाठी एवढं पुरतं. घोळ होतो तो विशेषणांत आणि क्रियापदांत.

‘लॅकोनिक’ घ्या. कार्डाच्या मागे ‘मितभाषी’ असं लिहिलं. आठवड्याने ‘टॅसिटर्न’ आला. मागे पुन्हा ‘मितभाषी’. मग ‘रेटिसंट’, तिथेही तेच. तीन कार्डांच्या मागे एकच उत्तर. पाठांतर पक्कं झालं, पण तिन्हींपैकी कुठला कुठे हे मात्र कळलेलं नाही. टॅसिटर्न माणूस स्वभावानेच अबोल असतो. रेटिसंट माणूस एरवी बोलेल, पण एखाद्या विषयावर, म्हणजे आपल्या पगारावर किंवा भूतकाळावर, मन उघडं करणार नाही. लॅकोनिक माणूस विचारलं त्याचं उत्तर देतो, फक्त दोन शब्दांत देतो. आणि हा शब्द माणसाइतकाच उत्तराला, शैलीलाही लागतो. एवढा फरक एका मराठी प्रतिशब्दात मावत नाही.

दुसरा घोळ सोबतीच्या शब्दांचा. ‘मिटिगेट’ म्हणजे ‘कमी करणे’ एवढंच लक्षात ठेवणारा बिनदिक्कत लिहितो, ‘द शॉपकीपर मिटिगेटेड द प्राइस’. व्याख्येप्रमाणे वाक्य बरोबर, इंग्रजीप्रमाणे चूक. मिटिगेटला पुढे काहीतरी त्रासदायक लागतं: रिस्क, डॅमेज, सफरिंग, इफेक्ट्स. शिवाय ‘मिटिगेट अगेन्स्ट’ ही चूक सर्रास दिसते, कारण दिसायला जवळचा ‘मिलिटेट’ डोक्यात शेजारीच बसलेला असतो. ‘अगेन्स्ट’ लागतो तो मिलिटेटला, आणि त्याचा अर्थ अगदी वेगळा: एखाद्या गोष्टीच्या विरोधात जाणं, ती होण्याच्या आड येणं.

व्याख्या घ्यायची तर शिकणाऱ्यांसाठी केलेल्या शब्दकोशातून घ्यावी. लाँगमनने 1978 च्या कोशात सगळ्या व्याख्या साधारण 2,000 सोप्या शब्दांत बसवल्या. कॉलिन्स कोबिल्डने 1987 मध्ये आणखी पुढचं पाऊल टाकलं: व्याख्याच पूर्ण वाक्यात दिली, त्यामुळे शब्द कोणाविषयी आणि कशाबरोबर येतो हे अर्थासोबतच कळतं. सर्वसाधारण मोठ्या कोशात मात्र ‘ऑब्ड्युरेट’ (हट्टी) पाहायला जावं तर ‘ऑब्स्टिनेट’ मिळतो, ‘ऑब्स्टिनेट’ पाहावा तर ‘स्टबर्न’. तीन पानं उलटून हाती एक जुनाच शब्द.

उदाहरणवाक्य: वेळ खातं, पण शब्द हातात देतं

चांगल्या वाक्याच्या एका कार्डाला चार-पाच मिनिटं जातात. हा खर्च खरा आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. पण त्या बदल्यात शब्दाचं व्याकरण, सोबती, सूर आणि प्रसंग एकदमच मिळतात.

अट एकच, वाक्य चांगलं हवं. ‘हिज रिप्लाय वॉज लॅकोनिक’ हे वाक्य काही शिकवत नाही. त्या जागी ‘रूड’ टाका, ‘लेट’ टाका, ‘फनी’ टाका, वाक्य तसंच उभं राहतं. आता हे पाहा: ‘आस्क्ड अबाउट हिज टेन इयर्स ॲट सी, ही गेव्ह अ लॅकोनिक रिप्लाय: कोल्ड.’ दहा वर्षांच्या समुद्रप्रवासाबद्दल विचारलं आणि उत्तर एकच शब्द. इथे शब्द झाकला तरी अर्थाचा आकार दिसत राहतो. कसोटी सोपी आहे. शब्दाच्या जागी रेघ ओढा आणि दुसरे शब्द बसवून बघा. वेगळ्या अर्थाचे तीन शब्द आरामात बसत असतील तर ते वाक्य टाकून द्या.

‘मिटिगेट’साठी: ‘द न्यू वॉल मिटिगेटेड द नॉइज बट डिड नॉट एंड इट.’ भिंतीने आवाजाचा त्रास कमी केला, संपवला नाही. ‘बट’नंतरचा तुकडाच शब्दाची हद्द आखून देतो: मिटिगेट म्हणजे नाहीसं करणं नव्हे. असा हद्द आखणारा तुकडा प्रत्येक वाक्यात असावा.

या वाटेचा धोका वेगळा आहे, तो म्हणजे नुसत्या संदर्भावरून अंदाज बांधणं. ‘एनर्वेट’ हा ऐकायला ‘एनर्जी’चा भाऊ वाटतो. ‘दे रीच्ड द टॉप आफ्टर ॲन एनर्वेटिंग क्लाइम्ब’ हे वाचून ‘उत्साह देणारी चढण’ असा अर्थ सहज लागतो आणि वाक्य कुठेही अडत नाही. खरा अर्थ बरोबर उलटा, अंगातलं त्राण काढून घेणारी. चुकीचा अंदाज एकदा पक्का बसला की पुढे दहा ठिकाणी शब्द भेटला तरी प्रत्येक वेळी तोच अर्थ लावला जातो. म्हणून वाक्याबरोबर व्याख्या सक्तीची धरावी. आधी अंदाज करा, मग लगेच पडताळा. पडताळणी उद्यावर ढकलू नका.

अनेक अर्थांच्या शब्दाला प्रत्येक अर्थाचं वेगळं वाक्य आणि वेगळं कार्ड लागतं. ‘सँक्शन’ म्हणजे मंजुरी देणं, आणि ‘सँक्शन्स’ लादले जातात तेव्हा निर्बंध. दोन्ही अर्थ एकाच कार्डावर कोंबले की आठवताना हमखास उलटसुलट होतात.

विरुद्धार्थी शब्द: उत्तम परीक्षक, वाईट शिक्षक

जोड्यांची यादी पाहायला नेटकी दिसते आणि एका दमात दोन शब्द झाल्याचं समाधान देते. तिथेच पाय घसरतो. ‘लॅकोनिक–गॅर्युलस’ ही जोडी एकाच दिवशी नव्याने शिकलात तर चार दिवसांनी दोन्ही शब्द आठवतात, ‘बोलण्याशी काहीतरी संबंध आहे’ हेही आठवतं, पण कमी बोलणारा कोण आणि बडबड्या कोण, हे आठवत नाही. नवे आणि अर्थाने जवळचे शब्द स्मृतीत एकमेकांवर चढतात. थॉमस टिंकहॅम यांनी 1993 मध्ये दाखवलं, की अर्थाने एका गटातले नवे शब्द एकत्र शिकायला एकमेकांशी संबंध नसलेल्या शब्दांपेक्षा जास्त प्रयत्न लागतात. विरुद्धार्थी जोडी म्हणजे अशा जवळिकीचं टोक. दोन शब्दांत बाकी सगळं सारखं, फक्त दिशा वेगळी.

उपाय अवघड नाही. जोडीतला जास्त वापरात असलेला शब्द आधी शिका, तो दोन आठवडे मुरू द्या, मग दुसरा आणा. त्याहून सोपं म्हणजे नव्या शब्दाचा विरुद्धार्थी नेहमी आधीच येणारा शब्द ठेवणं. ‘गॅर्युलस’समोर ‘क्वाएट’, ‘अंडरमाइन’समोर ‘सपोर्ट’. एक खुंटी पक्की असली की दुसरी टांगता येते.

दुसरी अडचण अशी, की ‘विरुद्ध’ हा एक प्रकार नाही. हॉट–कोल्डच्या मध्ये पायऱ्या आहेत. ‘नॉट हॉट’ म्हणजे कोल्ड नव्हे. डेड–अलाइव्हच्या मध्ये काहीच नाही. बाय–सेल तर एकाच व्यवहाराच्या दोन बाजू. त्यातून अर्थ बदलला की विरुद्ध शब्दही बदलतो: ‘लाइट’च्या विरुद्ध कधी ‘हेवी’, कधी ‘डार्क’, ‘ड्राय’च्या विरुद्ध एरवी ‘वेट’, पण वाइनबद्दल बोलताना ‘स्वीट’. म्हणून सुट्ट्या शब्दाचा विरुद्धार्थी पाठ करू नका, जोडी वाक्याच्या तुकड्यासकट लिहा. उपसर्गांवर तर आंधळा विश्वास नकोच. ‘इनव्हॅल्युएबल’ म्हणजे अमूल्य, कवडीमोल नव्हे. ‘इन्फ्लेमेबल’ आणि ‘फ्लेमेबल’ दोन्ही ज्वलनशीलच, आणि इथली चूक केवळ गुण जाण्यावर भागत नाही.

मग विरुद्धार्थीची खरी जागा कुठे? तपासणीत. शब्द महिनाभर जुना झाला की त्याच्या विरुद्ध काय येईल हे स्वतःला विचारा. ‘फ्रूगल’च्या (काटकसरी) विरुद्ध ‘एक्स्ट्राव्हॅगंट’ (उधळ्या) सुचला आणि ‘स्टिंजी’च्या (कंजूष) विरुद्ध ‘जेनेरस’ (उदार), तर दोघांतला सूराचा फरक कळला असं खुशाल समजा: फ्रूगल हा गुण आहे, स्टिंजी हा दोष. दोघांनाही एकच विरुद्ध शब्द सुचत असेल तर काम बाकी आहे.

परीक्षेसाठी शिकत असाल तर

आधी परीक्षेचं आजचं स्वरूप पाहा. अमेरिकेतल्या पदवी प्रवेशाच्या सॅट परीक्षेतून विरुद्धार्थींचे प्रश्न 1994 मध्ये गेले, पदव्युत्तर प्रवेशाच्या जीआरईमधून ऑगस्ट 2011 मध्ये. तरीही जुन्या जोड्यांच्या याद्या अजून फिरत असतात आणि त्यात लोकांचे महिने जातात. आजच्या जीआरईत वाक्यातली रिकामी जागा भरायची असते. एका प्रकारात तर वाक्याला सारखाच अर्थ देणारे दोन शब्द शोधायचे असतात. तिथे रेघ ओढलेली उदाहरणवाक्यंच सर्वांत कामाची. विरुद्ध अर्थाची जाण मात्र लागतेच, कारण ‘ऑल्दो’, ‘डिस्पाइट’, ‘फार फ्रॉम’ असे शब्द वाक्याला वळण देतात आणि वळणाच्या पलीकडे उलट्या अर्थाचा शब्द हवा असतो. परीक्षा सहा आठवड्यांवर आली असेल तर व्याख्येवर भर देणं गैर नाही. ओळखण्यापुरता शब्द त्यातून हाती लागतो. त्यातून लिहिताही येईल अशी अपेक्षा ठेवू नका.

शोधनिबंध वाचायचे आणि लिहायचे असतील तर ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी 2000 मध्ये केलेल्या 570 शब्दकुटुंबांच्या यादीपासून सुरुवात करा. अभ्यासविषयक मजकुरात दर दहा शब्दांत साधारण एक त्या यादीतला असतो. दुर्मीळ, भपकेबाज शब्दांच्या मागे लागण्यापेक्षा हे कितीतरी फायद्याचं.

कार्ड कसं असावं

पुढच्या बाजूला रेघ ओढलेलं वाक्य आणि शब्दाचं पहिलं अक्षर. मागे शब्द, छोटी व्याख्या, त्याच्याबरोबर येणारे दोन शब्द. विरुद्धार्थीची जागा महिनाभर कोरी. उत्तर मनात म्हटल्याशिवाय कार्ड उलटायचं नाही, हा नियम बाकी सगळ्याहून मोठा. कार्पिकी आणि रोडिगर यांनी 2008 मध्ये 40 स्वाहिली–इंग्रजी जोड्यांवर प्रयोग केला. शब्द एकदा आठवल्यावरही ज्यांची चाचणी चालू ठेवली, त्यांना आठवड्याने सुमारे 80 टक्के जोड्या आठवल्या. ज्यांची चाचणी थांबवली, त्यांना जेमतेम एक तृतीयांश, मग त्यांनी मधल्या काळात पुन्हा वाचलेलं असो वा नसो.

उजळणी 1, 3, 7, 14 आणि 30 दिवसांनी. चुकलेलं कार्ड पुन्हा पहिल्या दिवसापासून. रोज 8 ते 10 नवे शब्द पुरे; महिन्याभरात रोजची उजळणी 40-50 कार्डांच्या घरात जाते, चुकलेली वेगळी, आणि 20 नव्या शब्दांचा उत्साह बहुधा तिथेच मोडतो. एखादं कार्ड चार वेळा चुकलं तर ते घोकू नका. दोष बहुतेक वेळा स्मरणशक्तीचा नसून वाक्याचा असतो, किंवा शेजारी तसाच दिसणारा दुसरा शब्द बसलेला असतो. वाक्य बदला, आणि तो शेजारी सापडला तर त्याला पंधरा दिवस डब्यातून बाहेर ठेवा.