सुटा पीसीव्ही व्हॉल्व्ह की कव्हरमधला डायफ्रॅम? जुनी पेट्रोल गाडी घेण्याआधी

जुनी पेट्रोल गाडी बघायला गेलं की टायर, विमा, मायलेज सगळे विचारतात. पीसीव्ही व्हॉल्व्ह, म्हणजे इंजिनच्या पोटात साठणारा वायू परत जाळायला नेणारी झडप, कुठे बसवलाय, हे मात्र क्वचितच कुणी विचारतं. माझ्याकडे आधी सुटा व्हॉल्व्ह असलेली साधी पेट्रोल गाडी होती. मग टर्बो आली, तिच्यात हेच काम करणारा डायफ्रॅम (रबरी पडदा) टॅपेट कव्हरमध्येच, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणातच, बसवलेला. आता मी परत सुट्या व्हॉल्व्हवर आलोय.

पिस्टन रिंगांना चुकवून थोडा वायू खाली चेंबरमध्ये, म्हणजे तेल असतं त्या क्रँककेसमध्ये, उतरतोच. न जळलेलं पेट्रोल आणि पाण्याची वाफ त्याच्यासोबत येते. तो तिथेच कोंडला तर ऑइल सील गळायला लागतात आणि तेलाचा चिखल होतो. पूर्वी एक नळी खाली रस्त्याकडे उघडी सोडायचे. धुरक्याने बेजार झालेल्या कॅलिफोर्नियात १९६१ च्या मॉडेलांपासून हा वायू परत इंजिनात जाळायला सुरुवात झाली, १९६३ पर्यंत ते सगळ्या अमेरिकेत पोचलं. आजही कुणी मेकॅनिक ‘नळी काढून मोकळी सोडा’ म्हणाला तर कृपया ऐकू नका.

सुट्या व्हॉल्व्हमध्ये एक दट्ट्या आणि एक स्प्रिंग, बस. आयडलला, म्हणजे पेडल न दाबता इंजिन नुसतं चालू असताना, मॅनिफोल्डची (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांची) ओढ जबरदस्त असते. ती दट्ट्याला ओढून वाट अरुंद करते, नाहीतर जादा हवा घुसून इंजिन थरथरेल. एकसारख्या वेगात ओढ उतरते, स्प्रिंग दट्ट्याला मागे सारते आणि वाट मोठी होते. ओंकारेश्वरला जाताना भेरूघाटात पेडल पूर्ण दाबलं की ओढ जवळजवळ संपते, आणि नेमका तेव्हाच खालचा वायू सर्वात जास्त असतो. तो मग ब्रीदर नळीतून उलटा एअर फिल्टरच्या बाजूला निघतो. घाट चढून आल्यावर त्या नळीत बोट फिरवलं तर तेलाचा ओशट थर लागतो, तो यामुळेच.

डायफ्रॅमचं काम जास्त नेमकं, हे मान्य करायलाच हवं. रबरी पडद्याच्या एका बाजूला बाहेरची हवा, दुसऱ्या बाजूला चेंबरमधला वायू. ओढ वाढली की पडदाच वाट आवळतो, त्यामुळे आतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित कमी आणि बराचसा स्थिर राहतो. टर्बोने मॅनिफोल्डमध्ये हवा दाबली की एकदिशा झडप मिटते आणि वायू टर्बोच्या अलीकडच्या नळीत जातो. देवास-भोपाळ रस्त्यावर माझी टर्बो तेल कमी खायची, असा माझा तरी अनुभव.

मग तो पडदा फाटला. लाल सिग्नलला उभं राहिलं की बोनटखालून बारीक, चिरकी शिट्टी. शेजारच्या स्कूटरवाल्यांच्या माना वळायच्या. डिपस्टिक थोडी वर उचलली की आवाज बंद, परत बसवली की सुरू. ऑइल कॅप तर आतून कुणी धरून ठेवल्यासारखी चिकटलेली. पडदा फारशा किमतीचाही नसेल, पण कंपनीकडून मिळतं ते अख्खं कव्हर. नुसता पडदा बाहेर मिळतो, मात्र त्याच्यावरचं प्लॅस्टिकचं झाकण कारखान्यातच पक्कं चिकटवलेलं, उघडताना तडकतं. म्हणजे कॉइल काढा, नळ्या काढा, नवं गॅस्केट घाला आणि त्याआधी पार्टची वाट बघा. तोवर आयडलची थरथर आणि इंजिनचा पिवळा दिवा. मला सगळ्यात जास्त हेच खटकलं: एवढ्याशा रबरापायी उभी राहिलेली गाडी.

उलट सुटा व्हॉल्व्ह इथे इंदूरच्या रामबागेत घराच्या अंगणातच निघतो. हलवला की खडखड वाजला पाहिजे. मुका झाला असेल तर नवा घ्या, सोबत तो ज्यात बसतो ते रबरी कडं, ग्रॉमेटही बदला, जुनं कडक होऊन हवा खेचतं. शहरातल्या माझ्यासारख्यांना हे जास्त लागतं. रामबाग ते राजवाडा एवढ्याशा फेरीत इंजिन पुरतं तापत नाही, पावसाळ्यात आतली वाफ उडत नाही आणि ऑइल कॅपखाली दुधाळ साय जमते. तीच घाण व्हॉल्व्हही तुंबवते.

तुमची धाव मुख्यतः हायवेवर असेल आणि गाडी अजून वॉरंटीत असेल, तर डायफ्रॅमवाली जरूर घ्या, चालवायला ती सुखाची आहे. पण आठ-दहा वर्षं जुनी घेऊन अजून तेवढीच चालवायची असेल, तर मी सुट्याकडेच झुकेन.

गाडी बघताना इंजिन गरम करून आयडलवर ठेवा, ऑइल कॅप काढा आणि तोंडावर पातळ कागद ठेवा. तो हलकेच खाली ओढला गेला तर ठीक. उडून वर आला तर व्हॉल्व्ह तुंबलाय किंवा रिंगा गेल्यात. कव्हरमधला डायफ्रॅम असेल, तर बयाणा देण्याआधी पार्टच्या दुकानात अख्ख्या कव्हरची किंमत विचारा, आणि ते किती दिवसांत मिळतं तेही.