कुलूपवालं स्लॅमबुक, १५० रुपये: सातवी-आठवीच्या पोरांसाठी घ्यावं का?

आधी वस्तू सांगते. स्लॅमबुक म्हणजे वर्गातल्या मैत्रिणी-मित्रांकडून एकेक पान भरून घ्यायची प्रश्नांची वही. जाड पुठ्ठ्याचं कव्हर, वर फुगीर स्पंजचा युनिकॉर्न आणि ढीगभर चमकी, आत रंगीत पानं, बाजूला बारकं कुलूप आणि दोन किल्ल्या. छापील किंमत १८०, अमळनेरला बस स्टँडजवळच्या जनरल स्टोअर्सवाल्या दादांनी १५० ला दिलं. कंपनीचं नाव कुठंच नाही, मागं नुसता बारकोड. फेब्रुवारी लागला की ही स्लॅमबुकं काउंटरवर लटकायला लागतात. आरटीईनं, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यानं, प्राथमिक शिक्षण आठवीपर्यंत म्हटलं तरी आमच्याकडच्या बऱ्याच खेड्यांत झेडपीची शाळा सातवीलाच संपते, आणि सातवी झाली की पोरं पांगतात, कोणी अमळनेरला हायस्कूलला, कोणी हॉस्टेलला, कोणी मामाकडं धुळ्याला. माझी लेक यंदा त्याच लायनीत, त्यामुळं घेणं भागच होतं. मी स्वतः हायस्कूलला शिकवते, आठवीला गावोगावची नवी पोरं येतात ती दरवर्षी बघते, म्हणून या वहीकडं जरा जास्तच बारकाईनं बघितलं असं समजा.

क्वालिटीचं पटकन सांगून टाकते. चमकी सुटते, उशीवर, युनिफॉर्मवर, एकदा तर पोळीच्या डब्याच्या झाकणावर. पानांना गोड वास आहे तो आठवडाभरात जातो, गेलेला बरा. कागद पातळ आणि दोन्ही बाजूंनी छापलेला, जेल पेन वापरलं की मागच्या मैत्रिणीच्या हॉबीवर पुढच्या मैत्रिणीची बर्थडेट उमटते, तेव्हा साधं बॉलपेनच द्या. प्रश्न सगळे इंग्रजीत, त्यात स्पेलिंगच्या चुका, मराठी मीडियमच्या पोरांनी 'झोडियाक साइन'पुढं (म्हणजे रास) सरळ आपली सही ठोकली आहे, एकीनं नाही, बऱ्याच जणांनी. आणि कुलूप. केसांच्या पिनेनं उघडतं. वर दुसऱ्या पोरीच्या स्लॅमबुकाची किल्लीही ह्याला लागते, हा शोध वर्गातल्या पोरींनीच लावला आणि मग एकमेकींच्या वह्या मधल्या सुट्टीत बिनधास्त उघडल्या. मी काही उघडलं नाही, लेकीनं वाचून दाखवलं तेवढंच मला माहीत, आणि बायांनो तुम्हीही उघडू नका. पिन घरात असतेच, म्हणून मुद्दाम सांगते.

आता खरा मुद्दा, आतले रकाने. नाव, निकनेम, आवडता रंग, आवडता हिरो, ॲम्बिशन (अर्धा वर्ग आयएएस, एक जण जेसीबी ड्रायव्हर, मला तोच आवडला), इथपर्यंत ठीक. मग येतं 'बेस्ट फ्रेंड' आणि त्याच्यापुढं एकच रेघ. एकच. बारा-तेरा वर्षांच्या पोरीला विचारायचं की तुझी एक नंबरची मैत्रीण कोण, ते पेनानं लिही, आणि मग ती वही अख्ख्या वर्गात फिरणार. ज्यानं हे डिझाइन केलं त्याला सातवीतल्या पोरी माहीत नाहीत, किंवा फारच चांगल्या माहीत आहेत.

आमच्याकडं व्हायचं तेच झालं. लेकीची एक मैत्रीण पहिलीपासूनची, दुसरी पाचवीत आलेली, तिघींचं छान चाललं होतं. पहिलीपासूनचीच्या वहीत माझ्या लेकीनं तिचंच नाव लिहिलं, पाचवीतलीच्या वहीत पाचवीतलीचं लिहिलं, तिच्या हिशोबानं हा न्याय होता. दोन्ही वह्या एका बाकावर उघड्या सापडल्या आणि संपलं, डबा वेगळा, बाक वेगळा, घरी येऊन रडारड, मला म्हणे मम्मी मला दोघी आवडतात तर मी काय करू, रेघ एकच आहे. आता ह्यावर काय बोलणार, रेघ खरंच एकच आहे.

मला विचाराल तर ह्यात पोरींची चूक काहीच नाही, हे वयच पुढंमागं होण्याचं आहे. मुलींचं वयात येणं साधारण ८ ते १३ मध्ये कधीही सुरू होतं, मुलांचं ९ ते १४ मध्ये, म्हणजे एकाच सातवीच्या वर्गात एक पोरगी बाई दिसायला लागलेली असते आणि तिच्याच शेजारची अजून लंगडी खेळते. एकीला आरशासमोरून हलवत नाही, दुसरीला आंघोळीला ढकलावं लागतं. काल दोघींना एकच गोष्ट बोलायची होती, आज एकीला पोरांविषयी बोलायचंय आणि दुसरीला त्यात काडीचा इंटरेस्ट नाही, भांडण काहीच नाही तरी गाठ सैल होते. अमेरिकेत शाळकरी पोरांवर ह्याचा अभ्यास झालेला आहे, २०१५ साली सायकॉलॉजिकल सायन्स ह्या जर्नलमध्ये आला होता. सातवीत जुळलेल्या मैत्र्यांवर त्यांनी बारावीपर्यंत लक्ष ठेवलं, तर पुढच्या वर्षापर्यंत टिकल्या साधारण चारातली एक, आणि बारावीपर्यंत शंभरात एक. जिथं दोघांत फरक जास्त तिथं लवकर सुटली, एक अभ्यासात पुढं आणि दुसरी मागं, एक सगळ्यांची लाडकी आणि दुसरीला कोणी विचारत नाही, किंवा एक मुलगा आणि एक मुलगी. तिकडची शाळा तिकडची, आपल्याकडं गल्ली एक, भाऊबंदकी एक, मैत्री सुटली तरी लग्नात पंगतीला शेजारी बसावंच लागतं. पण मी आठवीत जे बघते ते फार वेगळं नाही. जूनमध्ये एका गावच्या चौघी एका बाकावर कोंबून बसतात, दिवाळीपर्यंत चौघी चार बाकांवर, आणि बहुतेक वेळा कोणी कोणाशी भांडलेलंही नसतं.

त्याच्याखालचा रकाना 'क्रश'. मला वाटलं होतं खरा राडा इथं होणार, पण पोरं ह्या बाबतीत आपल्यापेक्षा हुशार निघाली. अर्ध्या जणांनी 'सिक्रेट' लिहिलं, पोरींनी क्रिकेटरची नावं लिहून सुटका करून घेतली, एकानं 'क्रश ऑन मटण' लिहिलंय. काही जणांनी नुसतं पहिलं अक्षर लिहिलं आणि मग वर्गाची सीआयडी सुरू, 'स'वरून वर्गात कोण कोण, त्यातला कोणता. माझ्या लेकीनं पण एका वहीत 'स' लिहिलं होतं. तो ट्यूशनमधला आहे एवढं तिनं मला स्वतःहून सांगितलं, भाकरी थापताना, माझं तोंड तव्याकडं होतं म्हणून सांगितलं असं मला वाटतं. मी काही उपदेश केला नाही, हुशार आहे का तो एवढंच विचारलं, तर म्हणे नाही, पण हसतो छान. झालं. मार्चमध्ये 'स' होता, आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, कोणीच नव्हतं, आणि 'स'ला ह्यातलं काही कळलंही नाही.

त्रास क्रशचा नव्हता, त्रास चिडवण्याचा. आमच्या गल्लीतला एक पोरगा, पहिलीपासून हे दोघं शाळेत सोबत जायचे, चिंचा पाडायच्या, होमवर्क कॉपी करायचं, सगळं. त्यानं सरळ मनानं 'बेस्ट फ्रेंड'च्या रेघेवर माझ्या लेकीचं नाव लिहिलं. क्रशच्या नाही, बेस्ट फ्रेंडच्या. पण वाचणाऱ्यांना तेवढंच पुरलं, दुसऱ्या दिवसापासून 'वहिनी, वहिनी' सुरू. फळ्यावर नावं, दोन नावांच्या मध्ये बाण. पोरगं बिचारं दहा मिनिटं आधी घरून निघायला लागलं म्हणजे रस्त्यात गाठ पडायला नको. क्रश नसलेल्या दोघांची मैत्री क्रशच्या नावानं बसली. आणि जूनपासून तर लेक मानव विकास योजनेच्या निळ्या बसनं हायस्कूलला जाते, ती बस पोरींसाठी, तो सायकलवर, म्हणजे सोबत चालायचा रस्ताच उरला नाही. हे स्लॅमबुकामुळं झालं असं मी म्हणत नाही, बस तर सरकारचीच आहे आणि चांगली आहे, तिच्यामुळं किती पोरींची शाळा चालू राहिली. पण चिडवणाऱ्यांना कागदावरचा पुरावा ह्या वहीनं दिला हे खरं.

शेवटचा रकाना फोन नंबर आणि इंस्टा आयडीचा. हा सरळ खोडून द्या. वही घरोघर फिरते, भाऊ, काका, शेजारी, कोणाच्याही हातात पडते, आणि नंबर आपलाच असतो कारण पोरांकडं फोन नाही. इंस्टाग्राम कंपनीच्याच नियमानं १३ वर्षांखाली चालत नाही तरी अर्ध्या वर्गाचे आयडी लिहिलेले आहेत. आणखी एक सांगते मग पुढं जाते. क्रशच्या जागी वर्गातल्या पोराचं नाव आलं तर हसा आणि सोडा, पण एखाद्या मोठ्या माणसाचं नाव आलं, किंवा कोणी मोठा माणूस पोरीला आयडी मागतोय, गिफ्ट देतोय असं कानावर आलं तर ती गंमत राहत नाही. १०९८ हा लहान मुलांसाठीचा फोन नंबर फुकट आहे, पोरांना पाठ करून ठेवायला सांगा, वहीत लिहायचाच असेल तर हा नंबर लिहा.

आता चांगलं. पैसे वसूल झाले ते आखाजीला. शाळा सुटलेली, ऊन असं की दुपारी बाहेर कुत्रं नाही, आणि घरात मामेबहिणी, आतेबहिणी, सगळ्या आलेल्या. लिंबाला झोका बांधलेला, एक झोक्यावर आणि बाकीच्या खाली चटईवर स्लॅमबुक भरताहेत. कॉलेजला जाणाऱ्या मामेबहिणीनं 'बेस्ट फ्रेंड'च्या रेघेवर आडवी फुली मारून खाली स्वतःचेच रकाने पाडले, रडायचं असेल तर कोणाकडं जाशील, बोर झालं तर कोणाकडं, कॉपी करायला कोण, गुपित कोणाला सांगशील. चार प्रश्न, चार वेगळी नावं, कोणाचा अपमान नाही. लेक बघतच राहिली. एवढी साधी गोष्ट १५० रुपयांच्या वस्तूत छापता आली नाही!

मग सासूबाईंचा नंबर लागला. त्यांना लिहिता येत नाही असं नाही, पण चष्मा नव्हता म्हणून नातीला सांगून लिहवलं. क्रश म्हणजे काय ते समजावण्यात पाच मिनिटं गेली, मग पदर तोंडाला लावून हसल्या आणि म्हणाल्या राजेश खन्ना, सखाराम महाराजांच्या यात्रेत तंबूत पिक्चर बघितला होता म्हणे. सासरे ओट्यावरून ऐकत होते, काही बोलले नाहीत. बेस्ट फ्रेंडला मात्र सासूबाईंना विचार करावा लागला नाही, "मनी मैतरीन पारोयाले ऱ्हास, लिखी ले." (माझी मैत्रीण पारोळ्याला राहते, लिहून घे.) माहेरची मैत्रीण, दोघींची लग्नं झाली तशी भेट फक्त आखाजीला माहेरी गेल्यावर, नंतर नंतर तीही नाही, आता तिच्या नातवाच्या मोबाईलवरून कधीमधी बोलणं होतं. नातीनं विचारलं मग एवढ्या वर्षांत दुसरी मैत्रीण नाही झाली का, तर म्हणाल्या झाल्या ना, निंदायच्या, कापूस वेचायच्या, भजनाच्या, सगळ्या लिहायच्या का? लेकीनं सगळ्या लिहिल्या. जागा पुरली नाही म्हणून मार्जिनमध्ये उभं लिहिलंय. अख्ख्या वहीतलं सगळ्यात भरलेलं पान तेच.

पहिलीपासूनची आणि पाचवीतली ह्यांचं पुढं काय झालं विचाराल. पाचवीतली मामाच्या गावी गेली, तिच्याशी माझ्या फोनवरून बोलणं चालू आहे. पहिलीपासूनची त्याच निळ्या बसमध्ये असते, दोघी बोलतात, पण सीट वेगळी, तिला आता हायस्कूलची नवी मैत्रीण मिळाली आहे. लेकीला ह्याचं वाईट वाटतं का, वाटतं. रोज नाही.

तर घ्यावं का. पाचपैकी तीन स्टार देते, आणि त्यातला एक सासूबाईंच्या पानाचा आहे. पोरगी हट्ट करत असेल, वर्गात सगळ्यांकडं असेल, तर घेऊन द्या, १५० रुपयांसाठी तिला एकटी पाडू नका. पण घरी आणल्यावर वाटायच्या आधी तिच्यासोबत बसून फोनचा रकाना खोडा, बेस्ट फ्रेंडच्या एका रेघेच्या तीन-चार रेघा करा, आणि क्रशचा रकाना पेन्सिलीनं भरायला सांगा, त्या उत्तराची एक्सपायरी दुधाच्या पिशवीएवढीच असते. ज्यांना हट्टाचं प्रेशर नाही त्यांनी सरळ दोनशे पानी रजिस्टर घ्यावं, पोरांना स्वतःचे प्रश्न मराठीत पाडू द्यावेत, कागद जाड असतो, चमकी नसते. माझ्या वर्गातल्या एका पोरीनं तसं केलं होतं, तिचा एक प्रश्न होता 'माझी कोणती सवय तुला आवडत नाही', आणि उत्तरं वाचून ती दोन दिवस फुगली होती, तेव्हा त्यातही गॅरंटी काही नाही.

दुकानात घेताना एक करा, प्लास्टिकमधलं सीलबंद उचलू नका, काउंटरवरचा उघडा पीस मागून आतले रकाने वाचून घ्या. दादा थोडे कुरकुरतात पण दाखवतात. बिनकुलपाचं असेल तर वीस-तीस रुपये कमी पडतात.